चित्राखालची पट्टी

आमच्या घरातला हातमाग बंद पडला तेव्हा मी सातवीत होते. माग चालू असताना घरात ओरडूनच बोलावं लागायचं, कारण धोट्याची ठकठक दिवसभर. माग थांबल्यावरही कितीतरी दिवस आम्ही तिघं ओरडूनच बोलायचो. मग आई मध्येच थांबायची आणि म्हणायची, "हळू बोला न. आता काहून ओरडता?"

विणकरांच्या सोसायटीतून सूत मिळायचं ते आधी महिन्याआड मिळू लागलं, मग मिळेनासं झालं. बाबांनी एक अख्खा उन्हाळा वाट पाहिली. काम नसताना रोज सकाळी मागावर जाऊन बसायचे, लाकूड पुसायचे, दोऱ्या ताणून पाहायचे. त्या वर्षी तुरीची डाळ पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असायची, आणि पाहुणे आले नाहीत म्हणून ती पुरली. आईनं साड्यांना फॉल लावायचं काम धरलं. ज्या पॉवरलूमच्या साड्यांनी आमचा माग बंद पाडला, त्याच साड्या घरात ढिगानं येऊन पडायच्या आणि आई मान खाली घालून त्यांना टाके घालायची. बाबा त्या साड्यांकडे पाहायचे नाहीत. एकदा फक्त त्यांनी एक पदर बोटांत धरला, उजेडाकडे केला आणि खाली ठेवला.

आमचं घर दीड खोलीचं. समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा होता. विणणारा त्यात पाय सोडून बसतो. माग गेला तरी खड्डा राहिला. बुजवायला बाबा तयार होईनात. आईनं त्याच्यावर फळी टाकली. मी ती फळी पुढे ओढून घ्यायची आणि खड्ड्यात पाय सोडून अभ्यासाला बसायची. टेबल झालं, खुर्ची झाली. सातवीपासून एम.ए.पर्यंतचा माझा सगळा अभ्यास बापाच्या खड्ड्यात पाय सोडून झालेला आहे. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. अशा वेळी 'हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवण्यासाठीच सांगते आहे.

पावसाळा लागता लागता बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका फोटो मढवायच्या दुकानात कामाला लागले. वय चाळीस. दुकानाचे मालक म्हातारे होते, सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. हातभर रुंदीचं दुकान, आत काचेचे तुकडे, लाकडी पट्ट्या, भुशाचा वास. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, आणि सगळ्यात जास्त गेलेल्या माणसांचे फोटो. काकांनी आठवड्याभरातच सांगून टाकलं की या माणसाच्या डोळ्यात काटकोन तपासायचा गुण्याच बसवलेला आहे. खरंच होतं ते. ज्यानं वीस वर्षं उभ्या सुताला आडवं सूत काटकोनात बसवलं, त्याला चौकटीचे चार कोपरे जुळवायला काय लागतं?

काकांनी बाबांना पहिल्या दिवशी एक नियम शिकवला होता. देवाच्या छापील चित्राखाली पांढरी पट्टी असते. तिच्यावर छापखान्याचं नाव असतं, कॅलेंडर वाटणाऱ्या किराणा दुकानाचा पत्ता असतो. मढवायच्या आधी ती पट्टी कापायची. देवाच्या पायाखाली किराणावाल्याचा फोन नंबर कोणालाच नको असतो. शिवाय पांढरा काठ सोडला तर गिऱ्हाईक म्हणतं, काच मोठी अन् देव लहान. बाबांनी हा नियम इतका पाळला, की पट्टी कापताना ते तिच्याकडे पाहतही नसत.

मी बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं. आमच्या वस्तीत इंग्रजी म्हणजे नोकरी, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. साहित्य म्हणजे काय ते कोणी विचारलं नाही, आणि मलाही ते नंतरच कळलं. अभ्यासाला जुन्या विलायती प्रेमकथा होत्या. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी त्या वाचल्या. शब्द कळायचे, पण समोर काही उभं राहायचं नाही. त्या गोष्टींत माणसं सारखी आगीजवळ जाऊन बसायची. प्रेमाचं बोलायचं असलं की आधी आगीजवळ. मी हे वाचत होते नागपूरच्या मे महिन्यात, अंगावर ओला पंचा टाकून. मला वाटायचं, या लोकांना काही सुचत कसं असेल? दिवाणखान्यातल्या त्या आगीच्या कोनाड्याला काय म्हणतात ते मी पाठ केलं, त्याच्यावर उत्तर लिहिलं, पहिल्या वर्गाचे मार्क मिळवले. तो कोनाडा दिसतो कसा, हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्या इंग्रजीच्या मॅडम कडक होत्या. त्यांची एक गोष्ट सगळ्या पोरी नकलेसाठी वापरायच्या. पुस्तक उघडलं की त्या आधी पानाच्या तळाशी बोट ठेवायच्या: "बारीक अक्षरात जे छापलंय ते आधी वाचा. मोठ्या अक्षरातलं कोणीही वाचतं." मीही त्यांची नक्कल करायची. नक्कल चांगली जमायची. बाकी काय जमलं, ते पुढे येईलच.

एम.ए. झाल्यावर मला कळमेश्वरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम मिळालं. मी पेढे घेऊन मॅडमकडे गेले. तेव्हा बाबा काय करतात हे त्यांनी विचारलं आणि मी ताठ मानेनं सांगितलं, फोटो मढवतात.

मधल्या काळात काकांचे डोळे गेले आणि त्यांनी दुकान बाबांवर सोपवलं. काका वारले तेव्हा त्यांचा फोटोही बाबांनीच मढवला. तो आजही गल्ल्याच्या वर आहे. पण काम आटत चाललं होतं. देवांच्या तसबिरी कारखान्यातून तयार येऊ लागल्या. लग्नाचे फोटो मोबाइलमध्ये राहू लागले. गेलेल्या माणसांचेसुद्धा चौकात फ्लेक्स लागायचे आणि तेराव्यानंतर ते कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जायचे. काकांची मुलं बाहेरगावी नोकरीला. त्यांनी अगदी आदरानं बाबांना फोन केला की दिवाळीपर्यंत दुकान चालतं का पाहा, नाहीतर मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा मागतोय.

बाबांनी हे जेवताना सांगितलं. मी म्हटलं, मी कमावते न आता, तुम्ही घरी बसा.

"बसाचं काहून?" बाबा म्हणाले. "एकदा बसून पाहिलं मी, उन्हाळाभर. तुले आठोते. एक हुनर गेला तं दुसरा शिकलो. आता तिसरा शिकाले हात नाही उरले."

त्यानंतर महिन्याभरात मॅडमचा फोन आला. त्या निवृत्त झाल्या होत्या. घराच्या खालच्या खोलीत त्यांनी वस्तीतल्या मुलींसाठी वाचनखोली काढायचं ठरवलं होतं. सीताबर्डीच्या फुटपाथवर वर्षानुवर्षं धुंडाळून घेतलेली त्यांची जुनी पुस्तकं वाळवीनं खाल्ली होती, पण आतली चित्रांची जाड पानं शाबूत राहिली होती. चोवीस चित्रं. ती मढवून भिंतीवर लावायची होती. आधी सहा करून पाहू, म्हणाल्या, आवडली तर बाकीची. ओळखीच्या आणखी दोन ठिकाणीही तसंच काम निघणार होतं.

दुकान टिकायचं की नाही ते या चोवीस चित्रांवर होतं. हे बाबांना कळत होतं, मला कळत होतं, आणि आम्ही दोघंही ते बोलत नव्हतो.

चित्रं आणायला मी गेले. मॅडमनी मला समजावून सांगितलं की ही कोरीव छापाची चित्रं आहेत: धातूच्या पत्र्यावर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर बारीक रेघा कोरायच्या, शाई भरायची आणि कागद दाबायचा. सहा चित्रं त्यांनी मोजून दिली. खालच्या पट्टीचं त्या काही बोलल्या नाहीत. ती कोणी कापेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

दुकानात काउंटरवर आम्ही गठ्ठा सोडला. पहिल्याच चित्रात ती आग होती. संगमरवरी कोनाडा, वर घड्याळ, बाजूला एक माणूस टोपी हातात घेऊन उभा आणि समोर खुर्चीत तोंड फिरवून बसलेली बाई. मी बराच वेळ पाहत राहिले. पाच वर्षं मी या खोलीत डोळे बांधून फिरले होते आणि आता कोणी पट्टी सोडली होती. बाकीच्या चित्रांत नाच होता, घोडागाडी होती, पत्र वाचणाऱ्या दोन वेगवेगळ्या बाया होत्या, पावसात एकाच छत्रीखाली चाललेलं एक जोडपं होतं, आणि त्यांच्यात इतकं अंतर की दोघंही भिजत होते.

बाबांनी खिशातून भिंग काढलं. सोसायटीच्या दिवसांतलं, सूत मोजायचं, पितळी, घडी घालता येणारं. ते त्यांनी बाईच्या झग्यावर ठेवलं आणि डोळा लावला. किती वेळ वर पाहिलंच नाही.

"हे काढलेलं नोहे," शेवटी म्हणाले. "हे विणलेलं आहे. पाहाय. सावली पाहिजे तिथं ताणा-बाणा दोन्ही टाकले त्यानं. उजेड पाहिजे तिथं बाणा सोडून देल्ला. माणूस पक्का आहे."

मी पाहिलं. खरंच, सगळा झगा उभ्या-आडव्या रेघांचा होता. कुठे दाट, कुठे विरळ. मला दोन वर्षांच्या एम.ए.त कोणी हे दाखवलं नव्हतं.

मग बाबांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. देवांच्या तसबिरी लावणाऱ्या माणसाला कोण कोणाचं कोण, हे आधी लागतं. बायको डावीकडे आहे का? या दोघांचं लग्न झालं का? मी सांगितलं, शेवटी होतं.

"इतके दिवस काय करते मंग?"

"गैरसमज करून घेतात."

"तीनशे पानं?"

"चारशे."

बाबा हसले. "आमचं बरं होतं. तुह्या आईले मी मांडवातच पाह्यलं. गैरसमज मागून झाले."

पहिली चौकट त्यांनी तयार केली, आणि वरच्या पट्टीवर दोन बारीक खिळे ठोकलेले मला दिसले. हार अडकवायचे. मी म्हटलं, बाबा, ही मेलेली माणसं नोहेत.

"दीडशे वर्षं झाले म्हणतेस," ते म्हणाले, "मंग जिवंत आहेत का?"

खिळे काढले. पण त्याआधी जे झालं ते काढता येणारं नव्हतं.

चित्रं चौकटीत घालायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी दुकानाच्या पायरीवर बसून पेपर तपासत होते. बाबांनी कटर हातात घेतलेला, पोलादी पट्टी चित्रावर ठेवलेली. त्यांनी विचारलं. मला नीट आठवतं, त्यांनी विचारलं: "हे खाली बारीक काय लिवलं आहे वं? वाचून पाह्य. कापू का ठेवू?"

मी मान वर केली. लांबूनच पाहिलं. चित्राखाली मध्ये एक ओळ होती, आणि तिच्या वर दोन कोपऱ्यांत मुंगीएवढी अक्षरं. मला एवढंच कळलं की कोणाची तरी नावं आहेत.

मी म्हटलं, "नावं आहेत. कामाचं नाही ते."

बाबांनी सहाही पट्ट्या कापल्या.

चित्रं आम्ही आईच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून स्कूटरवर नेली. बाबा चालवत होते, मी मागे, मांडीवर गाठोडं. मॅडमच्या खोलीत पंखा चालू होता, भिंतीला नवा पांढरा रंग दिलेला. मॅडमनी पहिली चौकट उघडली, हातभर लांब धरली, मग जवळ आणली. लाकडाच्या पट्टीवरून बोट फिरवलं, म्हणाल्या काम सुंदर आहे. आणि सवयीनं बोट चित्राच्या तळाशी नेलं.

"खालचा कागद कुठे गेला?"

मला त्या क्षणी माझीच नक्कल आठवली. कॉलेजच्या व्हरांड्यात, चार पोरींसमोर, तळाशी बोट ठेवून. बारीक अक्षरातलं आधी वाचा.

बाबा पुढे झाले. "कापला मॅडम. देवाच्या फोटोले कापतो तसा. माही चूक झाली."

मॅडमनी एकेक करून सहाही चौकटी उघडल्या. रागावल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट म्हणजे शिकवलं. खाली मधली ओळ असते ती गोष्टीतली, म्हणजे चित्र कुठल्या क्षणाचं ते कळतं. डाव्या कोपऱ्यात ज्यानं चित्र काढलं त्याचं नाव असतं. उजव्या कोपऱ्यात ज्यानं कोरलं त्याचं. पत्रा दाबल्याची खूणही त्याच काठावर उमटते. काठ गेला की चित्र बेवारस होतं. हे सगळं त्या माझ्याकडे पाहून सांगत होत्या, कारण वर्गात त्या मलाच पाहून सांगायच्या. मी मान हलवत होते. तोंड उघडलं नाही.

"ही परत न्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं नंतर पाहू." आणि अठरा चित्रांचा गठ्ठा त्यांनी कपाटात ठेवून दिला.

येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मान अर्धी वळवून त्यांनी विचारलं, "म्हंजे कोरणाराचं बी नाव राहते?"

मी हो म्हटलं.

"माहं तं एकाबी लुगड्यावर नव्हतं," ते म्हणाले, आणि दिवा हिरवा झाला.

मला वाटलं होतं ते ओरडतील. विचारतील, की तू तर म्हणाली होतीस कामाचं नाही. त्यांनी तो विषय काढलाच नाही, तेव्हाही आणि घरी आईसमोरही. आईला त्यांनी सांगितलं की माझ्या हातून बिघडलं. मी शेजारच्या खोलीत होते. खोली दीडच आहे, सगळं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मला तास नव्हते, मी दुकानात गेले. बाबांनी काउंटरवर बिस्किटांचा जुना डबा ठेवला होता. झाकण उघडलं. आत सहाच्या सहा पट्ट्या होत्या.

विणकर ताण्याच्या दशा फेकत नाही. कापड मागावरून उतरलं की सुताची वीतभर टोकं उरतात, ती जपून ठेवायची. पुढचा ताणा त्यांनाच सांधायचा असतो. माग जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बाबांच्या हातून कापलेलं काही केरात जात नव्हतं. काकांना या सवयीचा वैताग होता. दुकानात असे सात डबे होते, आणि पहिल्या सहांत देवांच्या पायाखालचे किराणावाले.

"सांधू," बाबा म्हणाले. "पण कोणती कोणाची ते मले वाचता येत नाही. ते तुहं काम."

सहा चौकटी आम्ही पुन्हा उघडल्या. मी पट्ट्या वाचल्या, खऱ्या अर्थानं, भिंग लावून, मधली ओळ आणि दोन्ही कोपरे. नाच, घोडागाडी, छत्री, आग: चारांची गोष्ट मला ठाऊक होती, त्या लगेच लागल्या. दोन उरल्या, पत्र वाचणाऱ्या बायांच्या. एका पट्टीवर होतं की तिनं ते दुसऱ्यांदा वाचलं. दुसरीवर, की तिला उत्तर सुचेना. मी दोन्ही चेहरे पाहिले आणि ठरवलं: जिचे डोळे कागदावर आहेत ती पुन्हा वाचते आहे, जी खिडकीबाहेर पाहते आहे तिला उत्तर सुचत नाही. मी हे बाबांना समजावून सांगितलं, कथानकासकट.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पट्टी चित्राला लावून भिंगातून पाहिलं. "उलटं आहे," म्हणाले. टेबलाच्या पायाची सावली चित्रातून खाली काठावर उतरली होती, तीन रेघा. त्या तीन रेघांची टोकं मी निवडलेल्या पट्टीवर नव्हती, दुसरीवर होती. मी वाद घातला. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. रेघा जुळत होत्या. खिडकीबाहेर पाहणाऱ्या बाईचं पत्र दुसऱ्यांदा वाचून झालेलं होतं. आता विचार केला तर तेच बरोबर वाटतं.

सांधायला चार दुपारी लागल्या. पातळ जपानी कागदाची फीत मागून, खळ पातळ, रेघेला रेघ लावून, भिंग डोळ्याला. श्वास रोखून बाबा एकेक पट्टी बसवायचे. तुटलेलं सूत जोडताना ते असंच करायचे, हे मला लहानपणचं आठवलं. तेव्हा आई म्हणायची, आता बाबाले हाक नको मारू. मीही मारली नाही.

त्या चार दुपारी मी मनात एकच वाक्य जुळवत होते. पाचव्या दिवशी आम्ही मॅडमकडे गेलो. बाबा गाठोडं सोडायला वाकले, त्याच्या आधी मी बोलले. "मॅडम, बाबांनी मला विचारलं होतं. पट्टी वाचून पाहा म्हणाले होते. मी लांबूनच पाहिलं आणि म्हटलं कामाचं नाही."

"राहू दे न वं," बाबा खालच्या आवाजात म्हणाले.

मॅडमनी हात करून त्यांना थांबवलं. मला विचारलं, "त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुमच्यासमोर नापास व्हायचं नव्हतं."

त्यांनी चौकट घेतली, खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सारला आणि तळाशी बोट ठेवलं. बोट सांध्यावर थांबलं.

"जोड दिसतोय."

"दिसते," बाबा म्हणाले. "लपवता आला नाही मॅडम. कापल्यावर तेवढं तं दिसनारच."

मॅडमनी बाबांकडे त्यांचं भिंग मागितलं. ते डोळ्याला कसं लावायचं ते त्यांना जमेना, तेव्हा बाबांनी दाखवलं. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंना माझा सातवी शिकलेला बाप सांगत होता, की इथं डोळा ठेवा आणि बाईच्या झग्यावर पाहा, सावली पाहिजे तिथं ताणा-बाणा दोन्ही आहेत. त्या "अरे" म्हणाल्या आणि पाहतच राहिल्या. सहाही चित्रं त्यांनी तशी पाहून काढली. चहा गार झाला. मग म्हणाल्या की या सहांची किंमत कायमची कमी झाली आहे, हे मी गोड करून सांगणार नाही. आणि कपाट उघडून अठरा चित्रांचा गठ्ठा बाबांच्या हातात दिला; ही सहाही घेऊन जा, चोवीस एकदमच लावू, म्हणाल्या.

त्या अठरांच्या पट्ट्या बाबांनी कापल्या नाहीत. काठ पूर्ण ठेवून चारी बाजूंनी पांढरा पुठ्ठा लावला, दाबल्याची खूण दिसेल असा. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कोपऱ्यांतली नावं त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. उच्चार चुकला तरी चालेल म्हणाले, पण वाच.

शेवटची चौकट झाली तेव्हा त्यांनी ती पालथी घातली. मागच्या खाकी कागदावर पेन्सिल टेकवली आणि मला विचारलं, "मढवणाराचं कुठं लिवतात? डावीकडे का उजवीकडे?"

मी म्हटलं, तसा काही नियम नाही, तुम्ही ठरवा.

त्यांनी मधोमध लिहिलं. हळूहळू, पूर्ण नाव, आडनावासकट. मग बाकीच्या तेवीसही पालथ्या घातल्या.

दिवाळी होऊन गेली. मॅडमच्या ओळखीची ती दोन्ही कामं बाबांकडे आली. मोबाइलच्या कव्हरांना दुसरीकडे जागा मिळाली. दुकान बाबांकडेच आहे. वाचनखोलीत मुली अभ्यासाला बसतात. मीही शनिवारी तिथे दोन तास शिकवते, आणि पुस्तक उघडलं की आधी पानाच्या तळाशी बोट ठेवते. समोरच्या भिंतीवर चोवीस चित्रं आहेत. सहांचा जोड दिसतो. चोवीसांच्याही मागे माझ्या बापाचं नाव आहे, त्याच्या स्वतःच्या अक्षरात.